आधी फरशी की आधी कपाटे? एका घरगुती वादाचा शंभर वर्षांचा इतिहास

१/ स्वयंपाकघराचे काम निघाले की एक वाद हमखास उभा राहतो. सुतार म्हणतो, आधी फरशी पुरी करून घ्या, मग मी कपाटे बसवतो. फरशीवाला म्हणतो, आधी कपाटे बसू द्या. नाहीतर माझ्या नव्या फरशीवर ओरखडे पडतील आणि कपाटांखाली गेलेला माल फुकट जाईल. घरमालक दोघांच्या मध्ये उभा. वाद किरकोळ दिसतो. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याला एक प्रश्न विचारून पाहावा: हा वाद मुळात जन्मला कधी?

२/ कारण तो सनातन नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या बहुतेक घरांत तो उद्भवूच शकला नसता.

३/ एखाद्या जुन्या वाड्याचे स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. जमीन शेणाने सारवलेली. चूल जमिनीवर, आणि रांधणारी बाई पाटावर बसलेली. भांडी भिंतीवरच्या मांडणीत, दिवा कोनाड्यात, दारे असलेले फडताळ भिंतीच्या जाडीतच काढलेले. दूध-दही मांजरापासून वाचावे म्हणून शिंकाळ्यात टांगलेले, आणि धान्य कोपऱ्यातल्या उतरंडीत. या यादीत एक गोष्ट ध्यानात येते. साठवणीची साधने एकतर भिंतीत आहेत, नाहीतर वर टांगलेली आहेत, नाहीतर उचलून बाजूला सारता येण्याजोगी आहेत. सारवणाला मोकळी जमीन लागते. तिच्यावर कायमचे ठाण मांडून बसलेले काही चालत नाही. शिवाय सारवण हे कधी पुरे झाले असे होतच नाही, ते ठरावीक दिवसांनी पुन्हा करायचेच असते. जी जमीन सतत नव्याने घडते, तिच्या बाबतीत ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांना अर्थ काय?

४/ युरोपातील स्वयंपाकघरांची सामग्री निराळी, तत्त्व मात्र हेच होते. मध्यभागी जाड लाकडी टेबल, भिंतीलगत बशा मांडण्याचे उंच कपाट, एखादी पेटी. सगळे आपापल्या पायांवर उभे. घर बदलले की बैलगाडीत किंवा घोडागाडीत चढायचे. फ्रेंच भाषेत फर्निचरला ‘मब्ल’ म्हणतात, म्हणजे हलवता येणारे. आणि इमारतीला ‘इमब्ल’, म्हणजे न हलणारी. आपल्या महसुली मराठीतील ‘जंगम’ आणि ‘स्थावर’ ही जोडी अगदी त्याच अर्थाची आहे.

५/ या दोन शब्दांतच आपल्या प्रश्नाची किल्ली आहे. कपाट जोवर जंगम होते, तोवर क्रमाविषयी शंका नव्हती: आधी जमीन, मग तिच्यावर वस्तू. ज्या दिवशी कपाट स्थावर झाले, म्हणजे भिंतीला खिळले आणि घराचाच अवयव बनले, त्या दिवशी ते फरशीचे प्रतिस्पर्धी झाले. दोघांनाही घरात कायमचे राहायचे होते. मग आधी कोण, हे ठरवणे भाग पडले.

६/ पण एकट्या कपाटाने हा वाद पेटला नसता. जमीनही बदलावी लागली. इंग्लंडमधील फ्रेडरिक वॉल्टन याने १८६० च्या दशकात लिनोलियम बाजारात आणले: जवसाचे तेल हवेत घट्ट करून त्यात बुचाचा भुसा मिसळायचा आणि तो लगदा तागाच्या कापडावर पसरून दाबायचा. (त्या उद्योगाला लागणारा ताग बंगालमधून येत असे. हा स्वतंत्र थ्रेडचा विषय आहे.) लिनोलियमने काय केले? जमिनीचे दोन भाग केले. खाली टिकणारा पाया आणि वर झिजणारे, फाडून बदलता येणारे आवरण. दगडी लाद्या पिढ्यान्‌पिढ्या राहत. लिनोलियम मात्र कधीतरी बदलायचेच असते. आणि बदलायचे म्हटले की लगेच विचार येतो, ते कपाटाखाली सारायचे की कपाटाच्या कडेने कापायचे?

७/ म्हणजे खिळलेले कपाट आणि बदलता येणारी फरशी, या दोन्ही गोष्टी एकाच खोलीत आल्या तेव्हा वादाची सामग्री पुरी झाली. फरशीची गोष्ट आपण पाहिली. कपाटाची गोष्ट जास्त रंजक आहे, आणि तिच्यात माणसे आहेत.

८/ अमेरिकेत कॅथरीन बीचर आणि तिची बहीण हॅरिएट बीचर स्टो (होय, ‘अंकल टॉम्स केबिन’ची लेखिका) यांनी १८६९ मध्ये ‘द अमेरिकन वुमन्स होम’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी दाखला दिला तो जहाजावरच्या स्वयंपाकघराचा. तेथे जागा चिमूटभर, पण प्रत्येक वस्तू हाताच्या अंतरावर. मग घरातच बाईने दिवसभर एवढी पायपीट का करावी? गुलामगिरीच्या समर्थकांना हादरवणाऱ्या लेखणीचा पिठाच्या डब्याच्या जागेशी संबंध आहे, हे वाचून मला फार बरे वाटले होते. राजकारण आणि रांधणे यांना वेगळ्या कप्प्यांत ठेवण्याची खोड आपलीच आहे.

९/ तरीही कपाट अजून जंगमच होते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन घरांत ‘हूजियर’ नावाची कपाटे लोकप्रिय झाली. इंडियाना राज्यात तयार होणाऱ्या या एकाच कपाटात पिठाची कोठी, चाळणी, मसाल्यांच्या बरण्या आणि ओढून काढता येणारा कामाचा पत्रा असे. सगळे स्वयंपाकघर एका खोक्यात. पण ते खोके पायांवर उभे होते आणि त्याखालून केरसुणी फिरत असे.

१०/ १९१३ मध्ये क्रिस्टीन फ्रेडरिक यांचे ‘द न्यू हाउसकीपिंग’ हे पुस्तक आले. कारखान्यातील कामगाराच्या हालचाली मोजून वेळ वाचवण्याची टेलर यांची पद्धत त्यांनी घरात आणली. भांडी घासताना किती पावले, भाजी चिरताना किती वळणे? पुढे त्याचा जर्मन अनुवाद इरेने विटे यांनी केला आणि तो व्हिएन्नातील एका तरुण वास्तुविशारद स्त्रीच्या हाती पडला.

११/ ती म्हणजे मार्गारेटे लिहोट्स्की. जन्म १८९७, व्हिएन्ना. पहिल्या महायुद्धानंतरच्या उपासमारीच्या काळात गरिबांच्या वसाहती उभारणाऱ्या चळवळीत त्यांनी आडोल्फ लोस यांच्याबरोबर काम केले होते. १९२६ मध्ये एर्न्स्ट माय यांनी त्यांना फ्रँकफुर्टला बोलावून घेतले. माय हे तेथील नगरपालिकेच्या बांधकामाचे प्रमुख, आणि त्यांच्यापुढचा प्रश्न बिकट होता: हजारो कुटुंबांना घरे नव्हती.

१२/ पार्श्वभूमी थोडक्यात. १९१९ च्या वायमार राज्यघटनेच्या १५५ व्या कलमाने प्रत्येक जर्मन नागरिकाला आरोग्यदायी निवारा मिळावा हे ध्येय मांडले होते. १९२३ च्या महाभयंकर चलनवाढीत जुन्या घरमालकांची कर्जे जवळजवळ शून्य झाली. त्यांच्या या आयत्या लाभावर १९२४ पासून कर बसवला गेला आणि त्या पैशातून नवी घरे बांधली जाऊ लागली. पैसा सार्वजनिक होता म्हणूनच स्वयंपाकघर कसे असावे हेही सार्वजनिक पातळीवर ठरू शकले.

१३/ लिहोट्स्कींच्या हाती जागा किती होती? साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. साडेसहा चौरस मीटर! रेल्वेच्या भोजनडब्यातील स्वयंपाकघरे त्यांनी नजरेसमोर ठेवली, घड्याळ लावून हालचाली मोजल्या आणि १९२६ मध्ये ‘फ्रँकफुर्ट किचन’ आकाराला आले. खिडकीखाली कामाचा ओटा, त्यापुढे फिरते स्टूल. भिंतीला दुमडून ठेवता येणारी इस्त्रीची फळी. डाळ, तांदूळ, साखर यांसाठी नावे कोरलेले, चोच असलेले ॲल्युमिनियमचे खण. पिठासाठी मात्र ओकच्या लाकडाचे, कारण त्यात किडे होत नाहीत असे मानले जाई. रंग निळसर हिरवा, कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत असा तत्कालीन समज. शेजारच्या खोलीत सरकते दार, म्हणजे शेगडीपासून जेवणाच्या टेबलापर्यंत तीनेक मीटर चालले की झाले.

१४/ या सगळ्या युक्त्या इंटरनेटवर पुष्कळ वाचायला मिळतात. माझ्या मते खरी क्रांती युक्त्यांत नव्हती, हिशेबात होती. ही कपाटे भाडेकरूने विकत आणायची नव्हती. ती घराबरोबरच बांधली जात आणि त्यांचा खर्च बांधकामात, पर्यायाने भाड्यात धरला जाई. कपाट जंगमाच्या खात्यातून निघून स्थावराच्या खात्यात गेले. सुमारे दहा हजार घरांत ही स्वयंपाकघरे बसवली गेली. दहा हजार घरांत कपाट हा फर्निचरवाल्याचा विषय उरला नाही. तो गवंड्याच्या, सुताराच्या आणि फरशीवाल्याच्या कामाच्या क्रमाचा विषय झाला. आपल्या वादाची जन्मतारीख हवी असेल तर मी १९२६ लिहीन. अर्थात भिंतीत बसवलेली कपाटे त्याआधीही होती; पण इतक्या घरांत, इतक्या सारख्या मापांत, सरकारी खर्चाने नव्हती.

१५/ भाडेकरू खूश झाले का? सगळे नाही. अनेकांकडे आईवडिलांकडून आलेली जाडजूड कपाटे होती, ती ठेवायला जागाच नव्हती. दोन माणसांना एकत्र काम करता येत नसे. खालच्या खणांपर्यंत लहान मुलांचे हात पोहोचत. ‘तांदूळ’ असे कोरलेल्या खणात लोक भलतेच काही भरत. पुढच्या पिढीतील स्त्रीवाद्यांनी अधिक गंभीर आक्षेप घेतला: जेथे पूर्वी घरातले सगळे बसत त्या खोलीतून बाईला काढून एका अरुंद प्रयोगशाळेत एकटे उभे केले. लिहोट्स्कींचा हेतू तिचे श्रम वाचवण्याचा होता, हेही खरे. आणखी एक गंमत त्यांनी स्वतःच पुढे मोकळेपणाने सांगितली आहे. हे स्वयंपाकघर आखण्यापूर्वी त्यांनी कधी स्वयंपाक केला नव्हता.

१६/ (त्यांच्याविषयी एवढेच सांगून पुढे जाणे बरे नव्हे. १९३० मध्ये त्या माय यांच्याबरोबर सोव्हिएत संघात गेल्या. १९४० मध्ये नाझीविरोधी ऑस्ट्रियन प्रतिकारात सामील झाल्या, १९४१ च्या जानेवारीत पकडल्या गेल्या आणि १५ वर्षांची शिक्षा झाली. १९४५ मध्ये सुटका. जानेवारी २००० मध्ये, १०३ व्या वाढदिवसाच्या काही दिवस आधी त्यांचे निधन झाले. एवढ्या आयुष्यात जगाने त्यांना विचारले ते बहुधा एका स्वयंपाकघराबद्दलच, आणि याचा त्यांना कंटाळा येत असे.)

१७/ आता अटलांटिक ओलांडू. अमेरिकेत १९३० च्या दशकात सलग ओट्याची कल्पना रुजली: मोरी, शेगडी आणि कामाची जागा एकाच पातळीवर, मध्ये फट नाही. सलग ओट्याला एकच उंची लागते. कारखान्याला मापही एकच लागते. म्हणून ३६ इंच हे प्रमाण ठरले. लिलियन गिलब्रेथ या अभियंता स्त्रीने १९२९ मध्ये ब्रुकलिनच्या एका गॅस कंपनीसाठी आदर्श स्वयंपाकघर आखले होते. ओट्याची उंची काम करणाऱ्या बाईच्या उंचीप्रमाणे असावी असा त्यांचा आग्रह. कारखान्यांनी त्यांच्या संशोधनातले पावले वाचवण्याचे सूत्र घेतले आणि बाईची उंची मात्र सोडून दिली.

१८/ हे ३६ इंच नीट लक्षात ठेवा, कारण वादाचे सगळे गणित त्यावर चालते. त्यातले साडेचौतीस इंच खालचे कपाट आणि दीड इंच वरचा ओटा. कपाटाच्या तळाशी पाऊल आत जावे म्हणून सुमारे चार इंच उंचीची खाच. आता कपाटे आधी, कच्च्या जमिनीवर बसवली आणि नंतर पाऊण इंच जाडीची लाकडी जमीन त्यांच्या कडेपर्यंत आणली, तर काय होईल? उभे राहणाऱ्याच्या दृष्टीने ओटा सव्वापस्तीस इंचांवर येतो. पावलाची खाच सव्वातीन इंच उरते, आणि ओट्याखालची मोकळी जागा पावणेचौतीस इंच.

१९/ पाऊण इंचाने काय बिघडते? १९४० च्या दशकात काहीच बिघडत नव्हते. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ पासून उभी राहिलेली लेव्हिटटाउन ही वसाहत घ्या. काँक्रीटचा सपाट थर, त्यावर डांबरी चौकोनी टाइल, आणि स्वयंपाकघरात बसवलेली कपाटे. बांधकामाचे पंचवीसहून अधिक टप्पे पाडलेले. प्रत्येक टोळी आपला एकच टप्पा करून पुढच्या घरी जाई. तेथे क्रम ठरत होता तो टोळ्यांच्या सोयीने. टाइलची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर. ती आधी आली काय, नंतर आली काय, ओट्याला फरक पडत नव्हता. फरशी पातळ होती तोवर हा वाद झोपलेला राहिला.

२०/ त्याला जागे केले ते दोन गोष्टींनी. एक, ओट्याखाली बसणारे भांडी धुण्याचे यंत्र. (अशा यंत्राचे पेटंट जोसेफिन कॉक्रेन यांनी १८८६ मध्येच घेतले होते, सामान्य अमेरिकन घरांच्या ओट्याखाली ते यायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला.) दुसरी, त्याच सुमारास स्वयंपाकघरात आलेल्या जाड जमिनी: सिरॅमिक टाइल, लाकडी फळ्या. ओट्याखालची जागा मोजून-मापून त्या यंत्रापुरतीच. यंत्र आत असताना समोरची फरशी पाऊण इंच वर चढली की ते कोंडले गेले. बिघडले तर बाहेर काढायला ओटा उचला, नाहीतर फरशी फोडा.

२१/ आणि यात आणखी एक कारण मिसळले, जे मला सर्वांत उद्बोधक वाटते. त्या जुन्या पातळ टाइलांपैकी अनेकांत ॲस्बेस्टॉस होते. नऊ इंची चौकोनी टाइल अमेरिकेतल्या घरोघरी बसवलेली. पुढे ॲस्बेस्टॉसचे घातक स्वरूप सर्वांना कळले, तेव्हा सल्ला दिला गेला की सुस्थितीतल्या टाइल उखडू नका, त्यांवरच नवे आवरण घाला. उखडताना तंतू हवेत मिसळतात. म्हणून जुन्या जमिनीवर नवी जमीन चढत गेली. कपाटे जागच्या जागी, आणि त्यांच्यासमोर जमीन थराथराने वर.

२२/ थर म्हटले की आपल्यासारख्यांचे कान टवकारतात. १६६९ मध्ये निकोलस स्टेनो याने मांडलेला नियम पुरातत्त्वात आजही पहिल्या धड्यात शिकवतात: न ढवळलेल्या थरांत खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. स्वयंपाकघराला तो लावून पाहा. फरशी कपाटाखालून भिंतीपर्यंत अखंड जात असेल, तर कपाट त्या फरशीच्या नंतरचे, याविषयी शंका उरत नाही. पण फरशी कपाटाच्या कडेशी थांबत असेल, तर एवढ्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये. ती मूळच्या कपाटाबरोबरची असेल किंवा वीस वर्षांनी कडेने कापून घातलेली असेल. पहिला पुरावा ठाम असतो, दुसरा केवळ शक्यता सांगतो. जुन्या इमारतींचा अभ्यास करणारे म्हणूनच खिळलेल्या कपाटामागची आणि खालची जागा आवर्जून उघडून पाहतात. जेथे झाडू, पाय आणि ऊन पोहोचले नाही, तेथे मूळ रंग आणि मूळ जमीन टिकून असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

२३/ वादाचे उत्तर मात्र मध्येच उलटले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनच्या पेरस्टॉर्प कंपनीने लॅमिनेटची जमीन काढली. पुढे १९९० च्या दशकात गोंदाशिवाय एकमेकींत अडकणाऱ्या पट्ट्या आल्या. ही जमीन खालच्या पायाला चिकटवलेली नसते, ती नुसती पसरलेली असते आणि हवेतील दमटपणाप्रमाणे फुगते-आकसते. म्हणून भिंतीशी साधारण सेंटिमीटरभर फट सोडतात. अशा जमिनीवर ग्रॅनाइटचा ओटा असलेली, भिंतीला खिळलेली जड कपाटे ठेवली की ती तेथे जखडली जाते आणि मग दुसरीकडे फुगून उठते किंवा सांध्यात उघडते. तेव्हा येथे कपाटे आधी, फरशी नंतर. चिकटवलेल्या टाइल किंवा खिळ्यांनी ठोकलेल्या फळ्या असतील तर फरशी आधी घालण्यात शहाणपण. त्यातही काटकसर करायची असेल, तर कपाटांखाली फरशीच्या जाडीइतक्या प्लायच्या पट्ट्या घालून उंची साधतात. मात्र ओट्याखाली जेथे यंत्र बसणार, तेथे फरशी भिंतीपर्यंत न्यावीच लागते.

२४/ आज कारखान्यातली कपाटे कमी-जास्त करता येणाऱ्या प्लास्टिकच्या पायांवर उभी असतात आणि पुढून एक पट्टी चिमट्याने अडकवतात. म्हणजे शंभर वर्षांनी कपाटाला पुन्हा पाय फुटले. फक्त ते झाकलेले आहेत.

२५/ आता फ्रँकफुर्टकडे परत जाऊ, कारण तेथे इतिहासाने गंमत केली आहे. ज्या देशाने कपाटाला सर्वांत आधी मोठ्या प्रमाणावर स्थावर केले, त्या जर्मनीत आज भाड्याचे घर अनेकदा स्वयंपाकघराच्या सामानाशिवायच मिळते. भिंतीतून निघालेले नळ, एक-दोन प्लग आणि रिकामी खोली. भाडेकरू आपली कपाटे, ओटा, शेगडी आणतो आणि घर सोडताना उचलून नेतो, नाहीतर पुढच्या भाडेकरूला विकतो. तेथे आपला वाद नाहीच: फरशी घरमालकाची म्हणून आधी, कपाट भाडेकरूचे म्हणून नंतर. अमेरिकेत कपाटे घराबरोबर विकली जातात म्हणून वाद जोरात. मला वाटते, या क्रमाबद्दल कारागिरांच्या मतांइतकेच महत्त्व या प्रश्नाला द्यावे: कपाट कोणाच्या मालकीचे आहे?

२६/ आणि १९२६ ची ती खिळलेली स्वयंपाकघरे? त्यांतले एक गिनहाइम-ह्योएनब्लिक या वसाहतीतून काढून न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’मध्ये नेले गेले आणि २०१० च्या प्रदर्शनात मांडले गेले. स्थावर म्हणून जन्मले, समुद्र ओलांडून गेले. ज्यांना त्याच्या मूळ गावी पाहायचे असेल त्यांनी फ्रँकफुर्टच्या र्योमरश्टाट वसाहतीतील एर्न्स्ट माय यांच्या नावाचे घर पाहावे. तेथे ते जपून ठेवले आहे.

२७/ आपल्याकडे? महाराष्ट्रातल्या सदनिकांत एक मधला मार्ग रूढ झाला. बिल्डर ताबा देतो तेव्हा फरशी आणि कडाप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा ओटा तयार असतो. ओटा स्थावर. त्याखालच्या ट्रॉल्या घरमालक नंतर आपल्या ऐपतीने करून घेतो. म्हणून पहिल्या खेपेला वाद होत नाही. तो होतो दुसऱ्या खेपेला, जुन्या मोझॅकवर नवी व्हिट्रिफाइड टाइल चिकटवायची ठरते तेव्हा. ट्रॉल्या तशाच ठेवून समोरची फरशी वर चढते, खालची दारे घासू लागतात, दाराच्या फळ्या रंधून घ्याव्या लागतात. आणि ओटा? पाटावरून उठून ओट्यापुढे उभी राहिलेली आजी जर पाच फुटांहून बुटकी असेल, तर तिच्यासाठी हाच अर्धा-पाऊण इंच फायद्याचा ठरतो. उंचीचे माप तिला विचारून घेतले गेले नव्हते, एवढे मात्र खात्रीने सांगता येते.

२८/ तुमच्या घरात जुना ओटा किंवा जुन्या ट्रॉल्या असतील, तर खालची स्कर्टिंगची पट्टी हलक्या हाताने काढून बॅटरीच्या उजेडात आत पाहा. शहाबादी दिसते, मोझॅक दिसते, की नुसता कोबा? समोरच्या फरशीपासून ती किती खाली आहे, तेही पट्टीने मोजा. इमारत कोणत्या दशकातली आणि आत काय मिळाले, एवढे खाली लिहा. फोटो असल्यास उत्तम. पुढचा थ्रेड शहाबादी फरशीवर आहे.